घटस्थापनेपर्यंत थांबलेला जबडा

घटस्थापना, सकाळी साडेदहा. स्थळ: हिंगोलीतलं एक खासगी रुग्णालय, पहिला मजला, जिन्याजवळची खोली. हजर: संस्थेचे अध्यक्ष, ज्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात, प्रमुख पाहुणे, पाहुण्यांबरोबर आलेली अकरा माणसं, जबड्याचे सर्जन डॉ. चिद्रवार; गुरुजी; दोन वार्ताहर, एक फोटोग्राफर; झेंडूचा हार घातलेला थ्रीडी प्रिंटर; कुरुंद्याजवळच्या वस्तीवरून आलेल्या पेशंट धुरपताबाई; त्यांचे यजमान मारोतराव; आणि यंत्र चालवणारी मी. गैरहजर कोणी नाही. उद्घाटनाला आमच्याकडे कोणी गैरहजर राहत नाही. माणसं गळतात ती दुसऱ्या दिवशीच्या कामाला.

ही यादी मी त्याच दिवशी वहीत लिहिली होती. याद्या करणं हा माझा स्वभाव आहे, घरी त्यावरून बोलणी खाते. इथे नावं बदलली आहेत. हुद्दे बदललेले नाहीत, कारण असले हुद्दे प्रत्येक तालुक्यात सापडतात आणि कोणालाही अंगाला लावून घेता येतील.

आधी माझा धंदा सांगते. मी डॉक्टर नाही. हिंगोलीत माझी दातांची लॅब आहे. तुम्ही दातांच्या डॉक्टरकडे जाता, तो तुमच्या तोंडात गुलाबी लगदा कोंबून माप घेतो आणि आठ दिवसांनी कवळी देतो. मधल्या आठ दिवसांत ती कवळी माझ्यासारखं कोणीतरी करत असतं. पंचवीस वर्षांत मी या जिल्ह्यातली निम्मी हसू तयार केली असतील, पण रस्त्यात मला कोणी ओळखत नाही. त्याबद्दल तक्रार नाही. ओळखत नाहीत तोवर काम नीट होतं, हे मला पुढे कळलं.

काही वर्षांपूर्वी मी दातांचे नमुने छापायला एक लहान प्रिंटर घेतला. मधासारखा दाट द्रव एका ट्रेमध्ये असतो. खालून प्रकाश पडतो, तेवढ्या भागाचा द्रव घट्ट होतो, कांद्याच्या पापुद्र्याएवढा एक थर तयार होतो. मग त्यावर दुसरा, मग तिसरा. चार-पाच तासांत वस्तू उभी राहते. नंतर ती स्पिरिटमध्ये धुवायची आणि प्रकाशाच्या पेटीत पक्की करायची. यात चमत्कार काही नाही. पापडांची चळत रचता येणाऱ्या कोणालाही हे समजेल.

डॉ. चिद्रवार नांदेडहून आठवड्यातून दोनदा इथे येतात. त्यांचं काम तोंडाच्या कॅन्सरचं. आपल्याकडे खर्रा, गुटखा, मिसरी यांची काय अवस्था आहे ते मी सांगायला नको. सांगून उपयोगही नाही; एकदा हेच सांगणारं पत्रक मी एका पानटपरीवर लावलं होतं, तर टपरीवाल्याने त्याच्याच पुड्या बांधल्या. तर, हिरडीतला रोग खालच्या जबड्याच्या हाडात शिरला की हाडाचा तेवढा तुकडा काढावा लागतो. तो काढून तसंच सोडलं तर हनुवटी एका बाजूला ओढली जाते, तोंडातून लाळ गळते, घास फिरवता येत नाही. म्हणून पायातलं एक हाड आणतात. नडगीच्या बाहेरच्या अंगाला करंगळीएवढ्या जाडीचं लांब हाड असतं, ते बरंचसं काढलं तरी माणूस चालतो. ते हाड त्याच्या रक्तवाहिनीसकट तोंडात आणून जोडतात. अडचण एवढीच की पायाचं हाड सरळ आणि जबडा घोड्याच्या नालेसारखा वाकडा. सरळ हाडाचे तुकडे पाडायचे आणि तिरपे सांधून कमान करायची. सुताराला विचारा, तिरपा सांधा कोनात केसभर चुकला तर चौकट बसत नाही.

पूर्वी हा कोन ऑपरेशन चालू असताना नजरेने ठरवत. आता पेशंटचा सीटी स्कॅन घेऊन कॉम्प्युटरवर ठरवतात. मग मी तीन वस्तू छापते. एक, पेशंटच्या जबड्याचा हुबेहूब नमुना, ज्यावर डॉक्टर टायटॅनियमची पट्टी आधीच वाकवून ठेवतात. दोन, जबड्यावर घट्ट बसणारी प्लास्टिकची टोपी, तिला करवतीसाठी खाच. तीन, पायाच्या हाडासाठी तशीच टोपी, तिला जास्त खाचा. खाचेत करवत घालायची आणि कापायचं. संपलं. छापलेलं काहीही पेशंटच्या अंगात राहत नाही. काम झालं की टोप्या कचऱ्यात जातात.

हे शेवटचं वाक्य मी दोन्ही वार्ताहरांना दोनदा सांगितलं. तरी दुसऱ्या दिवशी दोन्ही पेपरांत आलं की हिंगोलीत आता यंत्रातून जबडा निघणार.

त्यांच्यापेक्षा मोंढ्यातला, म्हणजे धान्यबाजारातला, एक हळदवाला हुशार. हळद शिजवायच्या बॉयलरचा मोडका नळ घेऊन तो माझ्या लॅबमध्ये आला होता.

"ताई, जबडा छापून राहिल्या म्हणे तुमी. मंग हा नळ छापा की."

"दादा, हा वाफेचा नळ आहे. माझं प्लास्टिक गरम झालं की वाकतं."

"मंग माणसाच्या तोंडात कसं टिकते? आपण तर उकळता चहा पितो."

"तोंडात राहतच नाही ते. कापायच्या वेळेपुरतं असतं."

"अस्सं. म्हणजे दरजीचा कागद."

बरोबर ओळखलं. शिंप्याचा कागदी बेत. एवढं एका वाक्यात सांगणारा माणूस मला ना रुग्णालयाच्या समितीत भेटला, ना व्यासपीठावर. बाकी गिऱ्हाइकं काय वर्णावी! एका कंत्राटदाराला लग्नाच्या फोटोवरून वडिलांचा अर्धपुतळा हवा होता, फेट्यासह. एका तालुक्याच्या दंतवैद्याने ट्यूबलाइटसमोर एक्स-रे धरून त्याचा फोटो मोबाइलवर पाठवला आणि खाली लिहिलं, "जबडा अर्जंट." फोटोत त्याचा अंगठा जबड्यापेक्षा स्पष्ट होता.

माझं काम चांगलं चाललं तेव्हा रुग्णालयाने स्वतःचा मोठा प्रिंटर घ्यायचं ठरवलं आणि तो चालवायला मला बोलावलं. मी होकार दिला. मोठं यंत्र, वातानुकूलित खोली, दारावर पाटी. मीही माणूसच आहे.

धुरपताबाई आल्या त्या श्रावणाच्या सुरुवातीला. वय अठ्ठावन्नच्या आसपास, शेळ्या-मेंढ्यांचं घर, उन्हाने करपलेलं कपाळ. डाव्या बाजूच्या खालच्या हिरडीवर जखम होती. मिसरी लावायची बोटाची जागा आणि जखमेची जागा एकच. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, हाड काढावं लागेल, पायाचं हाड लावू. मारोतराव ऐकून खाली बसले. धुरपताबाईंनी मात्र दोनच प्रश्न विचारले.

"भाकर खाता येईल का?"

डॉक्टर म्हणाले, "दात बसवल्यावर येईल. ते काम या ताईंचं."

"आन् बकऱ्यांना आवाज देता येईल का? मह्या आवाजाबिगर त्या हालत न्हाईत. ह्यांनी हाक मारली तर हुब्या राहून ह्यांच्याकडंच बघतात."

मारोतराव म्हणाले, "बघत्यात, पर येत न्हाईत."

"येतील कशाला? तुमी हाक मारल्यावर मी तरी कव्हा आले?"

डॉक्टर हसले, मीही हसले. मला ही बाई आवडली. सीटी झाला. बेत ठरला. पुढचा कापाचा छेद सुळ्याच्या मागे, मागचा छेद जबड्याच्या कोपऱ्यावर, पायाच्या हाडाचे दोन तुकडे. डॉक्टरांनी पाहून मान्य केलं. मी तिन्ही वस्तू छापल्या. ऑपरेशन पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी. मोठ्या यंत्राची पहिलीच केस म्हणून रुग्णालयाने सगळं मोफत करायचं जाहीर केलं.

हे जाहीर केल्याने सगळा घोळ झाला. मोफत म्हणजे बातमी, बातमी म्हणजे कार्यक्रम, कार्यक्रम म्हणजे पाहुणे. पाहुण्यांना त्या गुरुवारी वेळ नव्हता. भाऊसाहेब म्हणाले, यंत्राचं उद्घाटन झाल्याबिगर त्यावरची पहिली केस कशी करायची? पोळ्यानंतर बघू. पोळा झाला. मग गणपती आले; पाहुण्यांना रोज चार आरत्या. गणपती गेले आणि मी भाऊसाहेबांकडे गेले.

"आता घ्या तारीख. बाई थांबली आहे."

"ताई, आता पितरपाठ लागला. पक्षात उद्घाटन करतेत का कुठं? पाहुणेच न्हाई म्हणले."

"उद्घाटन नंतर करा. ऑपरेशन करून घ्या."

"आन् मंग उद्घाटनाला दाखवायचं काय? तुमी काहून घाई करून राहिल्या? यवढे दिवस थांबली तशी घटस्थापनेला बराबर करू. देवीचा दिवस हाय, बाईमाणसाचं काम हाय. चांगलंच होईल."

कॅन्सरच्या गाठीला पंचांग कळत नाही, हे मी बोलले नाही. मी म्हणाले, "बरं." आज लिहिताना याच एका शब्दाची मला सगळ्यात जास्त चीड येते. डॉ. चिद्रवारांनी एकदा फोनवर आवाज चढवला हे मी ऐकलं होतं. पण मधले बारा दिवस ते स्वतः कुठल्याशा परिषदेला गेले होते, त्यामुळे त्यांचाही आवाज लवकर उतरला. धुरपताबाई तीन वेळा पिशवी भरून आल्या आणि तीन वेळा परत गेल्या. दुसऱ्यांदा आल्या तेव्हा गाल वर आलेला दिसत होता. मी पाहिला. "दुखतं का?" विचारलं. त्या म्हणाल्या, "आता दुखायचं काम त्याचं, थांबायचं काम मपलं."

तर घटस्थापना. माझ्या छापलेल्या तिन्ही वस्तू चांदीच्या ताटात मांडल्या होत्या. मी नव्हे, कार्यालयातल्यांनी. यंत्रासमोर समई, समईशेजारी ताट. भाऊसाहेब म्हणाले, "वाठोरेताई, या की पुढं. मशीन तुमचीच हाय, नारळ तुमच्या हातानं होऊ द्या."

"आमच्याकडे नारळ फोडत नाहीत, भाऊसाहेब. मी दाराशी बरी आहे."

"बरं बरं, तुमचंबी बराबर हाय," असं म्हणून त्यांनी तो पाहुण्यांच्या हातात दिला. मी दाराशी उभी राहिले, जरा ताठ मानेनेच. आमच्या घरात तीन पिढ्या पूजापाठ नाही, आणि यंत्राला हार घालणाऱ्यांविषयी मला काय वाटतं ते माझ्या चेहऱ्यावर असणार. त्या ताठ मानेत मी ताटाकडे पाहिलंच नाही. गुरुजींनी तिन्ही वस्तूंना हळदकुंकू वाहिलं. पाहुण्यांनी जबडा उचलला.

"हा कोणाचा?"

धुरपताबाईंनी शाळेतल्या पोरीसारखा हात वर केला. "मपलाय जी."

"वा! किती सुंदर झालाय!"

टाळ्या वाजल्या. मग पेशंटचा सत्कार. सुजलेल्या गालावर पदर ओढून त्या उभ्या, अंगावर शाल, एका हातात श्रीफळ, दुसऱ्या हातात स्वतःच्या जबड्याचा नमुना. फोटोग्राफर म्हणाला, "मावशी, जरा हसा." मारोतराव दाराबाहेर चपलांपाशी बसले होते. त्यांनी मला विचारलं, "बाई, आपरेशन झालं म्हनायचं का हे?"

कार्यक्रम संपल्यावर मी ताट उचललं. जबड्याच्या टोपीची समईकडची कड वाकली होती, खाचेत कुंकू बसलं होतं. बाकीच्यांना नारळाच्या पाण्याचा चिकटा. मला खरं सांगायचं तर मनातून बरंच वाटलं. बघा, म्हणाले, तुमची भक्ती आणि माझं काम! आता निस्तरणार कोण? मीच. दुपारी बसून मी तिन्ही वस्तू नव्याने छापल्या, धुतल्या, तपासल्या, डब्यात भरल्या. माझ्या तपासणीच्या कागदावर चौदा ओळी आहेत. पेशंटचं नाव, बाजू, खाचांची रुंदी, कडा घासल्या का, ट्रे धुतला का, अगदी खोलीचं दार बंद केलं का इथपर्यंत. चौदाही ओळींवर खूण केली. डब्यावर चिठ्ठी लावली: नाव, डावी बाजू, तारीख.

तारीख कोणती? छापल्याची. पंचवीस वर्षं मी कवळीच्या डब्यावर कवळी केल्याची तारीख लिहीत आले. कवळीला तीच लागते. जबड्याला लागते ती सीटीची तारीख, कारण टोपी बसते ती सीटीच्या दिवशीच्या हाडावर. प्लास्टिक नवं होतं. हाड दोन महिने जुनं होतं. आणि चौदा ओळींमध्ये ती ओळ नव्हती.

दोन दिवसांनी ऑपरेशन. पाहुणे अर्थातच नव्हते. मी गाऊन घालून कोपऱ्यात नमुना धरून उभी होते. काही शंका आली तर दाखवायला मला आत घेतात. डॉक्टरांनी हाड उघडं केलं, टोपी बसवली. ती बसेना. मागून दाबली की पुढून उचलायची. दुसऱ्यांदा बसवली. तिसऱ्यांदा. मग त्यांनी ती काढली आणि हाडावरून बोट फिरवलं. जिथे टोपीने धरायचं, तिथलं हाड रोगाने खाल्लं होतं.

"ताई, हे नव्या सीटीवर तपासलं होतं ना?"

"कुठल्या नव्या?"

त्यांनी वर पाहिलं. मास्कच्या वर फक्त डोळे दिसतात, आणि ते पुरेसे असतात.

"मी गणपतीत ऑफिसला सांगितलं होतं. सीटी पुन्हा काढा, वाठोरेताईंकडे द्या. फरक असला तर मला दाखवा, नसला तर तेच छापा. डब्यावर परवाची तारीख आहे, म्हणून मी धरलं की तपासलंय."

"ती छापल्याची आहे, सर."

गणपतीत ऑफिस काय करत होतं ते मला माहीत होतं. निमंत्रणपत्रिकेतली पाहुण्यांची पदवी दुरुस्त करत होतं. निरोप तिथे विरला. पण डॉक्टरांना गाल वाढलेला दिसला होता, मलाही दिसला होता. सूज म्हणजे हाड नव्हे असं त्यांनी धरलं, कारण हाडाचं उत्तर माझ्या अक्षरात डब्यावर लिहिलेलं होतं. मी काहीच धरलं नव्हतं. मी खुणा केल्या होत्या.

टोपी बाजूला गेली. डॉक्टरांनी जुन्या पद्धतीने नजरेने कापलं. पुढचा छेद सुळ्याच्या मागे होता, तो हनुवटीच्या पलीकडे न्यावा लागला. आधी वाकवून ठेवलेली पट्टी आखूड पडली. पायाच्या हाडाचे दोन तुकडे ठरले होते, तीन करावे लागले, आणि हनुवटीची कमान, जी सगळ्यात अवघड, तीच अंदाजाने करावी लागली. ठरल्यापेक्षा चार तास जास्त लागले. माझ्या हातात तो सुंदर नमुना होता. कोणी एकदाही मागितला नाही.

धुरपताबाई वाचल्या. आठवड्याने तपासणीचा अहवाल आला, काढलेल्या हाडाच्या कडा स्वच्छ निघाल्या, म्हणजे मागे रोग राहिला नव्हता. पाय बरा झाला. मग नांदेडला किरणांचे शेक झाले. भाऊसाहेबांनी यशस्वी शस्त्रक्रियेचा फलक रस्त्यावर लावला. त्यावर यंत्र मोठं, पाहुणे मध्यम, डॉक्टर लहान. पेशंट नाही. मला दुसऱ्या सत्काराचं बोलावणं आलं, मी गेले नाही. त्याबद्दल कोणी माझं कौतुक करू नये. फोटोत उभं राहायचं धैर्य नव्हतं, एवढंच.

मी ऑपरेशनच्या दिवशीच तपासणीच्या कागदावर पंधरावी ओळ घातली: सीटीची तारीख, आणि ती चार आठवड्यांपेक्षा जुनी असेल तर यंत्र सुरू करायचं नाही. डब्यावर आता दोन तारखा असतात, सीटीची मोठ्या अक्षरात. समितीच्या बैठकीत मी ही ओळ वाचून दाखवली तेव्हा एका सदस्याने विचारलं, "पण मग कार्यक्रमाचं नियोजन कसं करायचं?" मी म्हणाले, "करूच नका." इतिवृत्तात लिहिलं गेलं: ताईंनी मौलिक सूचना केली.

राहिलं होतं ते धुरपताबाईंना सांगणं. डॉक्टर म्हणाले, मी सांगतो. मग म्हणाले, शेक संपू द्या. शेक संपले, तरी सांगितलं नाही. त्या लॅबमध्ये दातांच्या मापाला आल्या तेव्हा मी खुर्ची ओढून समोर बसले आणि सांगितलं. सीटी जुना होता. आम्ही उशीर केला. वेळेवर झालं असतं तर हनुवटी मधोमध राहिली असती आणि जबडा उजवीकडे घसरला नसता. डब्यावरची तारीख मी लिहिली होती.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचं बोलणं आता थोडं जड आहे, पण कळतं.

"म्हणजे मी पाहुण्यासाठी थांबले व्हते?"

"हो."

"मला वाटलं, हाड यायचं असेल कुठून तरी. नांदेडवरून, पुण्यावरून. म्हणून थांबून राहिले." मग म्हणाल्या, "बकरी अडली तर आमी पंचांग बघत न्हाई, बाई. हात घालतो."

मारोतराव भिंतीकडे बघत होते.

"आन् शाल काहून घातली मंग मला? मी काय केलं व्हतं?"

"काही नाही केलं तुम्ही, मावशी."

"मी ती रोज पांघरून राहिले. इतके डाक्टर, इतके पाहुणे, मला वाटलं, मह्या जिवाची लईच किंमत हाय दवाखान्याला." एवढं बोलून त्यांनी तोंड उघडलं. "घ्या तुमचं माप. यायला दोन तास लागतेत मला."

मी माप घेतलं. इथे पुन्हा धंदा सांगते, शेवटचाच. खालचे दात करायचे तर आधी वरचे आणि खालचे कुठे भेटतात ते कळायला हवं. त्यासाठी मऊ मेणाची पट्टी चावायला देतात. मेणात खुणा उमटतात आणि त्या खुणांवर दात रचतात. सरळ जबड्याला एकदा चावलं की पुरे. धुरपताबाईंचा जबडा चावताना उजवीकडे घसरतो, आणि दर वेळी वेगळा घसरतो. पहिल्या मेणात खूण एकीकडे, दुसऱ्यात दुसरीकडे. तिसऱ्या वेळी मी हनुवटी हाताने धरली, तर हात काढताच सरकली. चुकीच्या खुणेवर केलेले दात पहिल्या भाकरीलाच हिरडी फाडतील, आणि शेक दिलेली हिरडी फाटली तर भरत नाही. म्हणजे इथे अंदाज चालणार नाही. अंदाज एकदा करून झाला आहे.

सध्या त्या आंबील पितात, आणि दुधात भिजवलेली भाकर जिभेने टाळूला दाबून गिळतात. शेळ्यांना आवाज देतात का, विचारलं. मारोतराव म्हणाले, "देती. पयल्यासारखा न्हाई येत. थोड्या येतात, थोड्या मागं वळून बघतात." धुरपताबाई म्हणाल्या, "ज्या हुशार हायत त्या येतात."

मागच्या सोमवारी चौथ्यांदा मेण घेतलं. हनुवटीखाली टेकू म्हणून मी एक पट्टा केला, तो बांधून त्यांना पाच वेळा चावायला सांगितलं. पाचपैकी तीन खुणा एका जागी आल्या, दोन नाही. तीनवर काम सुरू करावं का, मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "तुम्हीच ठरवा, ताई."

मी ठरवलं आहे की तीनवर करायचं नाही. पाच हव्यात. येत्या सोमवारी त्या पुन्हा येतील, पट्टा आणखी बोटभर वर घ्यायचा आहे. वरच्या दातांचा प्लास्टरचा नमुना टेबलावर आहे, खालचा त्याच्या शेजारी आहे, दोन्हींच्या मध्ये मेण नाही. खालचे पुढचे आणि डावीकडचे सगळे दात अजून रचायचे आहेत.